डावीकडचे फ्लेमिंगो

मिक्सर बिघडला की तो स्वतःच बोंब मारतो. घरघरतो, जळका वास सोडतो, नाहीतर सरळ ठप्प होतो. पंखा कुरकुरतो, इस्त्री तापत नाही. दुरुस्तीवाल्याने "काय झालंय?" विचारलं तर आपल्याकडे सांगायला काहीतरी असतं आणि बटण दाबलं की त्यालाही ते पटतं. कॅमेऱ्याच्या लेन्सची गोष्ट निराळी. ती बिघडली तरी देखणीच राहते. काच लख्ख, झूमचं कडं कुठे अडत नाही, फोकसची मोटर जिवंत. दोष लेन्सवर दिसतच नाही, तिने काढलेल्या फोटोत दिसतो, आणि तोही फोटोच्या एखाद्या कडेला. ती कड ज्याला बघायचीच नाही, त्याला तो दाखवून देणं महाकठीण.

माझ्या लेन्सचा दोष मला फ्लेमिंगोंनी दाखवला. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची ही झूम लेन्स मी बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतली. वजन दोन किलो, वॉरंटी दोन वर्षांची, किंमत विचारू नका. मुलुंडला राहणाऱ्या माणसाला पक्ष्यांचं वेड लागलं की ठाण्याची खाडी आपोआप वाट्याला येते. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. ऐरोलीहून बोट सुटते, तिची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि उथळ पाण्यात पक्षी माना खाली घालून रांगेने चरत राहतात. अशी रांग म्हणजे लेन्सची आयती परीक्षा. सगळे जवळजवळ सारख्याच अंतरावर, सगळ्यांवर ऊन तेच.

मोठ्या फ्लेमिंगोची चोच गुलाबी असते, फक्त टोक काळं. धाकट्याची जवळजवळ सगळीच गडद, काळपट किरमिजी. दोन जाती एकाच कळपात मिसळलेल्या असल्या की चोच बघूनच निवाडा करायचा. माझ्या फोटोंत उजवीकडच्या पक्ष्यांचा निवाडा चटकन व्हायचा. मधल्यांचा तर पापणीसकट. डावीकडे गेलं की चोचीच्या जागी नुसता काळसर ठिपका उरायचा आणि पाय पाण्यात विरघळल्यासारखे दिसायचे. एका फोटोत असं झालं तर सोडून देता येतं. प्रत्येक फोटोत, आणि प्रत्येक वेळी डावीकडेच?

पक्षीवाल्या मंडळींकडे कारणांची कमतरता नसते. बोट हलली असेल. ऊन चढलं की खाडीवरची हवा थरथरते, त्यामुळे असेल. शटरचा वेग वाढवून बघा. आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी तर मला श्वास कसा रोखायचा त्याचे धडे दिले. हवा थरथरते हे खरं, पण ती डावं-उजवं ओळखत नाही.

मग घरीच परीक्षा घ्यायची ठरवली. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सपाट भिंत आहे. तिच्यावर वर्तमानपत्राची छोट्या जाहिरातींची पानं चिकटपट्टीने ताणून लावली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. छोट्या जाहिरातींइतकं बारीक आणि घट्ट छापलेलं दुसरं काही घरात सापडत नाही. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ट्रायपॉड. आता कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर आहे याची खात्री कशी करायची? ही युक्ती जुनी आणि झकास आहे. पानांच्या बरोबर मध्यावर, भिंतीला टेकवून, एक लहान सपाट आरसा लावायचा आणि कॅमेऱ्यातून त्यात बघायचं. आरशात आपल्याच लेन्सचं गोल तोंड अगदी मधोमध दिसलं की कॅमेरा सरळ. बाजूला सरकलेलं दिसलं की ट्रायपॉड हलवा. आरसा काढला, दोन सेकंदांचा टायमर लावला, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं आणि फोटो घेतला. वॉचमन पाण्याचा पंप बंद करायला वर आला होता, तो बराच वेळ बघत राहिला. "मॅडम, भिंत विकत घ्यायचीय काय?" असं विचारून खाली गेला.

संगणकावर फोटो मोठा करून पाहिला. उजवीकडच्या जाहिराती चष्मा न लावता वाचता आल्या. भाड्याने वन बीएचके, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य. डावीकडे अक्षरांना लव फुटली होती. आता एकच शंका उरली. भिंतच डावीकडे आत गेलेली असली तर? मोठ्या लेन्सला ट्रायपॉडवर धरणारी एक कॉलर असते, ती सैल केली की लेन्स आणि कॅमेरा दोन्ही मिळून जागच्या जागी उलटे फिरवता येतात. फिरवून फोटो घेतला. भिंतीवरची मऊ बाजू उजवीकडे गेली, फोटोतली मात्र डावीकडेच राहिली. भिंत निर्दोष सुटली. शेजारच्या मुलाची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर चढवून पाहिली, ती चारही कोपऱ्यांत ठणठणीत. कॅमेराही सुटला. छिद्र लहान करत गेलं, त्याचा आकडा (तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) अकरापर्यंत नेला, तर दोष जवळजवळ झाकला जातो हेही कळलं. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सर्व्हिस सेंटर उपनगरातल्या एका व्यापारी संकुलात होतं. टोकन, थंडगार एसी, भिंतीवर हिमालयातल्या बिबट्याचा फोटो. काउंटरवरच्या मुलीने पांढरे हातमोजे घालून लेन्स हातात घेतली, चहूबाजूंनी फिरवली आणि फॉर्म भरायला लागली. ओरखडे आहेत का, धक्का लागल्याची खूण आहे का, पाणी शिरलंय का, बुरशी आहे का. या सगळ्यांसाठी स्वतंत्र चौकोन होते. कारण उघड आहे, हे सगळं वॉरंटीत बसत नाही. बुरशीचं तर मला नेहमीच हसू येतं. पावसाळ्यात मुंबईत चपलांना बुरशी येते, पट्ट्यांना येते, लोणच्याला येते. जुने फोटोग्राफर लाकडी कपाटात दहा वॉटचा दिवा दिवसरात्र पेटता ठेवून लेन्सा जपायचे. हल्ली सिलिका जेलच्या पुड्या आणि विजेवरची कोरडी कपाटं आली. तरी काचेवर एकदा का ते पांढरं जाळं धरलं की कंपनीच्या लेखी दोष ग्राहकाचा. कोकणपट्टीत जन्म घेणं हाच निष्काळजीपणा म्हणायचा.

ग्राहकाच्या तक्रारीसाठी फॉर्मवर एक ओळ होती. मी मुलीला सगळं सांगितलं, छापून आणलेले फोटो दाखवले, उलटं फिरवून घेतलेलाही दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि टाइप केलं, "इमेज नॉट क्लिअर".

काही दिवसांनी मेसेज आला, लेन्स घेऊन जा. सोबतच्या कागदावर निकाल होता: तपासणी केली, लेन्स विदिन स्पेसिफिकेशन, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत आहे.

माझी हयात बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. त्यामुळे हे वाक्य मी ओळखते. आमच्याकडे त्याची बहीण होती, "सिस्टीममध्ये एंट्री दिसत नाहीये". ही वाक्यं खोटी नसतात. सिस्टीममध्ये एंट्री खरंच दिसत नसते. पण ती बोलली गेली की समोरच्याला पुढे काय म्हणावं सुचत नाही, कारण आता त्याचं भांडण माणसाशी राहत नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं एका बाजूला आणि कुणीतरी कुठेतरी केलेलं मोजमाप दुसऱ्या बाजूला.

आता मर्यादेचं म्हणाल तर ती असायलाच हवी. निर्दोष लेन्स जगात एकही नाही. माझ्यासारख्या झूम लेन्समध्ये वीसच्या आसपास काचा असतात. प्रत्येक वेगळी घासलेली, प्रत्येकीची कड गोल फिरवत कातरलेली, जेणेकरून तिचा मध्य खरोखर मध्यावर यावा. मग त्या नळीत एकामागे एक बसवायच्या, काही स्थिर, काही पुढे-मागे सरकणाऱ्या. त्यातली एखादी नाजूक जागची काच केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराने बाजूला सरकली किंवा किंचित कलली की फोटोची एक बाजू मऊ पडते. अमेरिकेत टेनेसीमध्ये रॉजर सिकाला नावाचे एक गृहस्थ आहेत. पेशाने डॉक्टर, पुढे त्यांनी लेन्सा भाड्याने द्यायची कंपनी काढली. दुकानात एकाच लेन्सच्या कितीतरी प्रती, त्यामुळे त्यांनी त्या यंत्रावर एकमेकींशी ताडून पाहायला सुरुवात केली आणि जे दिसलं ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेल्या दोन लेन्सा तंतोतंत सारख्या नसतात. मला ते वाचून कंपनीचा राग कमी झाला होता. सगळ्याच थोड्या वाकड्या, तर माझीही असणार. प्रश्न किती वाकडी हा होता, आणि त्याचं उत्तर कागदावर कुठेच नव्हतं.

मोजमापावर किती विसंबायचं याचा धडा तर आकाशात फिरतो आहे. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये अवकाशात सोडली आणि तिचे पहिले फोटो धूसर आले. २.४ मीटर व्यासाचा तिचा मुख्य आरसा अतिशय काटेकोरपणे घासला होता, फक्त चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला होता. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलं गेलं होतं. चूक होणं मी समजू शकते. खरी मेख पुढे आहे. कारखान्यात दुसऱ्या, साध्या उपकरणांनी घेतलेल्या चाचण्यांत दोष दिसला होता. पण ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. अचूक उपकरण म्हणतंय आरसा बरोबर, म्हणजे बरोबर. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला चष्मा लावला. तिथे टोकन घ्यावं लागलं नसावं.

मी परत आलेली लेन्स घेऊन फोर्टात गेले. बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत आणि त्यांच्या आगेमागे, जिन्याखाली, पोटमाळ्यावर, दुरुस्तीची माणसं. त्यातल्या एका चाचांकडे आमच्या बँकेतले हौशी लोक रोलच्या जमान्यापासून जात. टेबलावर हिरवं फेल्ट, त्यावर स्क्रूंच्या डब्या, रबराच्या चकत्या, हवा फुंकायचा फुगा, शिसपेन्सिल. लेन्स उघडताना कडं कुठे होतं ती खूण ते शिसपेन्सिलीने करतात. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी दिवा मालवला आणि एक बारीक टॉर्च लेन्सच्या तोंडाशी धरला.

"इधर से देखो."

लेन्सच्या पोटात ठिपक्यांची ओळ उमटली होती. हिरवे, जांभळे, एखादा पिवळट. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग टॉर्चचं स्वतःचं एक इवलं प्रतिबिंब परत पाठवत होता. चाचा टॉर्च हळूहळू मध्यावर आणत गेले तसे ते ठिपके एकमेकांच्या मागे जाऊन उभे राहिले. एक सोडून. मागच्या बाजूचा एक जांभळा ठिपका ओळीबाहेरच राहिला. टॉर्च कसाही धरला तरी तो आत यायला तयार नव्हता.

"हा," चाचा म्हणाले, "हा वाकडा बसलाय."

नंतर वाचताना कळलं की विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दुर्बिणीतल्या तीन काचा एका रेषेत आणण्याची हीच रीत १८२२ मध्ये लिहून ठेवली आहे. त्याच्या हातात मेणबत्ती होती. चाचांनी वोलास्टनचं नाव ऐकलं असण्याचा संभव नाही. हात मात्र त्याच घराण्यातला.

"मग कराल का दुरुस्त?"

"खोलू शकतो, पण खोलणार नाही." त्यांनी लेन्स माझ्या हातात दिली. "वॉरंटी चालू आहे ना? मी एक स्क्रू फिरवला की ती संपली. त्यांच्याकडूनच करून घ्या. भांडा."

सगळा पेच त्या जिन्याखालच्या खोलीत उघडा पडला. ज्याला दोष दिसतो त्याने हात लावायचा नाही. ज्याला हात लावायचा अधिकार आहे तो एका दाराआड बसतो आणि ग्राहकाला तोंड दाखवत नाही. वॉरंटीचं पत्रक लहान अक्षरांत चार पानं आहे, त्यात काय भरून मिळणार नाही याची यादी सविस्तर आहे, पण या दोन माणसांची गाठ कुठे पडावी याबद्दल एक ओळ नाही.

भांडायची साधनं आता ग्राहकाकडे आहेत, हे मान्य करायला हवं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहकाचा म्हणून वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. २०१९ च्या नव्या कायद्याने तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, वस्तू घेतली कुठेही असो. १९१५ ही हेल्पलाइन आहे. हे सगळं मी एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. आयोगापुढे मला न्याय मिळाला असता कदाचित, पण मला न्यायाआधी एक माणूस हवा होता, जो माझ्या शेजारी उभा राहून त्या फोटोची डावी बाजू बघेल.

सर्व्हिस सेंटरच्या मुलीला मी म्हटलं, "मला नवी लेन्स नको, पैसेही नकोत. ज्यांनी तपासली त्यांच्याबरोबर दोन मिनिटं हा फोटो बघायचाय."

"मॅम, टेक्निशियन कस्टमरला भेटत नाहीत."

"ठीक आहे. बसते मी."

निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि तो काउंटरच्या आतल्या लोकांना फार जाचतो, हे मी दुसऱ्या बाजूने अनुभवलेलं होतं. पेन्शनर मंडळी आमच्याकडे अशीच बसायची. अखेर आतलं दार उघडलं आणि निळ्या एप्रनमधला एक तरुण मुलगा बाहेर आला. कपाळावर भिंगाचा पट्टा वर सरकवलेला, डोळ्यांवर उजेडाची सवय नसलेल्या माणसाचं मिचकावणं. मी त्याला छापलेला फोटो दिला. त्याने तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग उलटा केला. ते बघून मला बरं वाटलं. फोटो उलटा करणारा माणूस नुसता बघत नसतो, तपासत असतो.

"हे कितीला काढलंय?"

"पूर्ण उघडं. सहा पॉइंट तीन."

तो थांबला. "आमची टेस्ट अकराला झालीय." मग काउंटरवरच्या मुलीकडे न बघता, जरा खालच्या आवाजात, "डावीकडे मऊ आहे, मॅडम."

एवढंच. खाडीवरचं ऊन, बोट, माझा श्वास, भिंत, कॅमेरा, सगळ्यांची निर्दोष सुटका त्या चार शब्दांत झाली. लेन्स पुन्हा आत गेली. या वेळी तक्रारीची ओळ त्याने स्वतः लिहिली आणि त्यात छिद्राचा आकडाही घातला.

लेन्स परत घ्यायला गेले तेव्हा तो न बोलावता बाहेर आला. बोट हवेत फिरवत त्याने काय केलं ते सांगितलं. मागच्या काचांचा एक गट तीन बारीक स्क्रूंवर तोललेला असतो. त्या स्क्रूंचा दांडा मुद्दाम एका बाजूला काढलेला, त्यामुळे स्क्रू किंचित फिरवला की सगळा गट किंचित सरकतो. अंधाऱ्या खोलीत लेन्समधून भिंतीवर नक्षी टाकायची, कोपऱ्यातल्या ठिपक्यांना धूमकेतूसारखं शेपूट फुटलेलं असतं, आणि स्क्रू फिरवत ते शेपूट आखूड करत आणायचं. एका कोपऱ्यातलं गेलं की समोरच्या कोपऱ्यात उगवतं. "पूर्ण जात नाही," तो म्हणाला, "चारी बाजूंना सारखं वाटून द्यायचं." हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता की या माणसाला दिवसभर दाराआड का ठेवतात, हे मला कळेना. ग्राहक त्याला त्रास देतील, वेळ खातील, हे खरं आहे. पण त्याच्या एका वाक्याने जे मिटलं ते मेसेज, कागद आणि टोकनं मिळून मिटलं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की वॉरंटीत दुरुस्तीच्या हमीबरोबर दुरुस्ती करणाऱ्याशी बोलण्याची हमी असायला हवी. भले आठवड्यातून एक तास का असेना.

पावतीवर "ऑप्टिकल अ‍ॅडजस्टमेंट डन" असं होतं, रक्कम शून्य, आणि टेक्निशियनच्या रकान्यात नावाऐवजी कर्मचारी क्रमांक. नाव मी त्याला विचारून घेतलं, इथे लिहीत नाही.

तुम्ही नवी लेन्स घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्र भिंतीला लावा, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि तो बिलाबरोबर जपून ठेवा. दोष असेल तर तो पहिल्या दिवसापासून होता हे सांगायला दुसरं कुणी येणार नाही. माझ्या लेन्सची वॉरंटी गेल्या मार्चमध्ये संपली. आता तिला काही झालं तर बोरा बाजारात न्यायची, चाचांना ती उघडायला आता कुणाची आडकाठी नाही.